झुलता पूल आणि दगडी कंदीलवाले

एक लिटर पाण्याने भरलेली बाटली घ्या. दोन मीटर लांबीची चांगली दणकट दोरी घ्या. बाटली दोरीच्या बरोबर मधोमध बांधा. आता दोरीचं एक टोक तुम्ही धरा, दुसरं वर्गातल्या सगळ्यात दांडगट मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्या आणि लागा ओढायला. अट एकच आहे: दोरी अगदी सरळ झाली पाहिजे. मधे जराही झोळ दिसता कामा नये.

नाही ना जमत? आणखी दोघांना बोलवा. चौघं ओढा, आठजण ओढा. तरी मधे थोडासा झोळ राहणारच. तुम्ही कमी पडताय म्हणून नव्हे. कुस्तीतले सगळे पैलवान एका बाजूला उभे केले, तरी त्यांनाही जमायचं नाही.

कारण असं. बाटलीचं वजन सरळ खाली ओढतंय. तिला उचलून धरायचं तर कोणीतरी वर ओढायला हवं. तुम्ही दोघं मात्र ओढताय आडवं! दोरी जेवढी तिरकी, तेवढाच तुमच्या जोराचा काही हिस्सा वरच्या दिशेला जातो. दोरी दोन्ही बाजूंना 30 अंशांनी तिरकी असेल, तर प्रत्येकाला बाटलीच्या वजनाइतका, म्हणजे एक किलोचा जोर पुरतो. ओढत ओढत कोन 6 अंशांवर आणलात, की जवळजवळ पाच किलोचा जोर लागतो. 1 अंशावर आणायची हौस असेल, तर अठ्ठावीस किलोंहून जास्त. आणि शून्य अंशावर? तिथे वर ओढणारा हिस्साच उरत नाही. मग जोर कितीही लावा, फुकट. (दोरी मधेच तुटली तर मागे आपटाल, म्हणून पाठीमागे उशा ठेवा. आणि हा प्रयोग आजीच्या काचेच्या बाटलीवर करू नका.)

आता हीच बाटली बाजूला ठेवून तिच्या जागी एक रस्ता टांगला तर? त्या रस्त्यावरून ट्रक, बस, सायकली आणि शाळेत जाणारी मुलं गेली तर?

असा टांगलेला रस्ता बघायला मी तुम्हाला फिनलंडमध्ये नेणार आहे. युरोपच्या अगदी उत्तरेला हा देश आहे. त्याची राजधानी हेलसिंकी. तिथून तांपेरे नावाच्या शहराकडे जाणारा एक जुना रस्ता आहे. त्यावर वाल्केआकोस्की गावाच्या हद्दीत सॅक्समॅकी नावाचा शेतांचा, बर्चच्या झाडांचा आणि पाण्याचा परिसर लागतो. पाणी कसलं? वानायावेसी नावाच्या तळ्याचं. हे तळं लांबलचक आहे, त्याला फाटे फुटलेले आहेत, कुठे ते ऐसपैस पसरलंय तर कुठे अंग चोरून बारीक झालंय. जिथे ते बारीक होतं, तिथेच 1963 साली बांधलेला सॅक्समॅकीचा झुलता पूल आहे. दोन मनोऱ्यांच्या मधलं अंतर सुमारे दीडशे मीटर. जगातल्या मोठमोठ्या झुलत्या पुलांपुढे हा अगदीच चिमुकला. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल यापेक्षा आठपट लांब उडी मारतो. पण मला विचाराल तर छोटा पूलच बघायला बरा. त्याच्याकडे एका नजरेत पाहता येतं आणि कोण कोणाला ओढतंय ते नीट कळतं.

तर, कोण कोणाला ओढतंय?

रस्ता खाली वाकायला बघतो. त्याला उभ्या लोंबत्या दोरांनी धरून ठेवलेलं असतं. ते लोंबते दोर वरच्या दोन जाडजूड मुख्य दोरांना अडकवलेले असतात. हे दोर सुताचे नसतात बरं का, पोलादी तारांचे असतात. एकेक तार बारीकच, पण पुष्कळ तारा एकत्र आल्या की त्यांची ताकद बघत राहावी. मुख्य दोर दोन्ही बाजूंच्या मनोऱ्यांच्या डोक्यावरून पलीकडे उतरतात आणि काठावर जमिनीत पक्के रोवलेले असतात.

हे शेवटचं वाक्य पुष्कळजण घाईघाईत वाचून पुढे जातात. तुम्ही जाऊ नका. दोन खुर्च्या घ्या, पाठी एकमेकींकडे करून एकमेकींपासून लांब ठेवा. एका खुर्चीच्या पाठीपासून दुसरीच्या पाठीपर्यंत दोरी बांधा आणि मधे बाटली टांगा. धाडकन! दोन्ही खुर्च्या आतल्या बाजूला कलंडल्या. आता दोरी खुर्चीच्या पाठीला नुसती टेकवून पलीकडे खाली न्या आणि तिचं टोक जमिनीवर जड दप्तराखाली दाबून टाका. दुसऱ्या बाजूलाही तसंच करा. परत बाटली टांगा. या खेपेला खुर्च्या जागच्या हलत नाहीत. दोरी आतून जेवढी ओढते, तेवढीच बाहेरूनही ओढते, त्यामुळे खुर्चीला फक्त खाली दाबलं जातं. आणि दाबलं जाणं खुर्चीला चांगलं जमतं, रोज तुम्ही बसताच की तिच्यावर. झुलत्या पुलाचे मनोरे नेमकं हेच करतात: वजन आपल्या डोक्यावर घेऊन खाली पायाला देतात. खरी ओढाताण सोसतात ते जमिनीत गाडलेले दोराचे शेवट. फोटोत मनोरे मिरवतात. काम करणारे ठोकळे मात्र मातीत असतात, त्यांच्याकडे कोणी बघतही नाही.

आणि झोळ? झुलता पूल बांधणारे इंजिनियर झोळ घालवण्याच्या भानगडीत पडतच नाहीत. ते मुद्दाम झोळ ठेवतात. साधारणतः मनोऱ्यांमधल्या अंतराच्या एक दशांशाच्या आसपास. कमी ठेवला तर दोरावरचा ताण भलताच वाढतो, हे तुम्ही आत्ताच हाताने अनुभवलंय. जास्त ठेवला तर मनोरे उगाच उंच बांधावे लागतात.

या झोळाच्या आकारावरून एकेकाळी मोठ्या डोक्याची माणसं चकली होती. गॅलिलिओने 1638 साली लिहिलं, की दोन खिळ्यांना लटकवलेली साखळी जवळजवळ पॅराबोलासारखी दिसते. पॅराबोला म्हणजे वर भिरकावलेला चेंडू हवेतून जी वाट काढतो, ती वक्ररेषा. पुष्कळांना वाटलं, अगदी तीच रेषा असणार. 1646 साली हॉलंडमधल्या क्रिस्तियान हॉयगेन्स नावाच्या 17 वर्षांच्या मुलाने दाखवून दिलं, की नाही, नुसती लटकलेली साखळी पॅराबोला होत नाही, तिची रेषा थोडी वेगळी असते. मजा पुढे आहे. त्याच साखळीला खाली सपाट, जड रस्ता टांगा, म्हणजे वजन आडव्या अंतरावर सारखं वाटलं जाईल. मग ती खरोखरच जवळजवळ पॅराबोला होते! म्हणजे पूल अर्धवट असताना त्याच्या दोराची रेषा एक, आणि रस्ता टांगून झाल्यावर दुसरी.

आता थोडं गणित. पळू नका, छोटंसं आहे. पोलाद तापलं की लांब होतं. एक मीटर पोलाद एका अंशाने तापलं तर 0.012 मिलिमीटरने वाढतं. इतकुसं! पण दीडशे मीटरला गुणा: 1.8 मिलिमीटर. तेही एका अंशाला. सॅक्समॅकीच्या भागात कडाक्याच्या हिवाळ्यात पारा उणे 30 पर्यंत उतरू शकतो आणि उन्हाळ्यातल्या एखाद्या तापलेल्या दिवशी अधिक 30 पर्यंत चढू शकतो. फरक झाला 60 अंशांचा. 1.8 गुणिले 60 म्हणजे 108 मिलिमीटर, जवळजवळ 11 सेंटिमीटर. तुमच्या पट्टीवर बघा केवढं होतं ते. त्या लांबीचा पोलादी पूल जानेवारीत जेवढा असेल, त्यापेक्षा जुलैत एवढा लांब. म्हणून पुलांच्या टोकांना फट सोडतात. गाडी पुलावर चढताना जो ‘धडक-धडक’ आवाज येतो, तो बहुतेक वेळा त्या फटीचा असतो. झुलत्या पुलात तर मुख्य दोरही लांबतो, त्यामुळे मधला रस्ता उन्हाळ्यात किंचित खाली येतो आणि थंडीत किंचित वर जातो. कोणाला कळतही नाही. आपण मजेत गाणी म्हणत पलीकडे जातो.

पूल व्हायच्या आधी लोक पलीकडे कसे जायचे? उन्हाळ्यात फेरीबोटीने. गाडी बोटीवर चढवायची, बोट पलीकडे लागली की उतरवायची. पुढे चार गाड्या उभ्या असल्या की बसा वाट बघत. आणि हिवाळ्यात? हिवाळ्यात फिनलंडमधली तळी आपणहून रस्ता बांधून देतात! तळं गोठतं आणि माणसं त्याच्यावरून चालत, स्की घालून, घोड्याच्या घसरगाडीतून आणि पुढे पुढे मोटारीतूनही जातात. आजसुद्धा त्या देशात काही ठिकाणी हिवाळ्यात बर्फावरून सरकारी रस्ते आखले जातात.

पण थांबा. तळं वरून का गोठतं? थंड पाणी जड होऊन खाली जातं ना? मग बर्फ तळाशी व्हायला हवा. झालाही असता, जर पाणी इतर पदार्थांसारखं शहाणं असतं. बहुतेक पदार्थ गार होत जातात तसतसे आकसतात. पाणीही आकसतं, पण 4 अंशांपर्यंतच. त्याच्याखाली गेलं की ते उलट फुगायला लागतं आणि हलकं होतं. म्हणून शरद ऋतूत तळ्याचं पाणी गार होत होत खाली बसतं, सगळं तळं 4 अंशांच्या आसपास आलं की मग वरचा थर आणखी गार होतो, पण आता तो हलका असल्यामुळे वरच राहतो आणि वरच गोठतो. बर्फ तर आणखी हलका. तो तरंगत राहतो आणि खालच्या पाण्याला थंडीपासून पांघरूण घालतो. तळाशी 4 अंशांच्या पाण्यात मासे सुस्त पडून असतात. पाण्याचा हा विक्षिप्तपणा नसता, तर तळी तळापासून गोठत वर आली असती, आणि माशांचं काय झालं असतं ते मी सांगायला नको.

फिनलंडमधल्या मुलांना लहानपणीच एक हिशेब शिकवतात. एका माणसाला चालायला निदान 5 सेंटिमीटर जाडीचा घट्ट, काळसर, पारदर्शक बर्फ हवा. मोटारीला 20 सेंटिमीटर तरी हवा. पांढरट बर्फावर भरवसा नाही, कारण तो पाण्यात भिजलेल्या भुसभुशीत हिमाचा बनलेला असतो आणि त्याची ताकद निम्मीच धरतात. बर्फावर जाणारे लोक गळ्यात दोन अणकुचीदार टोच्यांची जोडी अडकवतात. चुकून बर्फ फुटून पाण्यात पडलंच, तर ते टोचे बर्फाच्या कडेत रोवून स्वतःला वर ओढायचं. ओल्या हातांनी गुळगुळीत बर्फ धरता येत नाही ना!

आणि या हिशेबात सगळ्यात वर असते ती सूचना आपल्या पुलाशी जोडलेली आहे: पुलाखालच्या बर्फावर जाऊ नका. सगळं तळं पांढरंशुभ्र, टणक झालेलं असतं, माणसं त्यावर बसून भोकातून मासे पकडत असतात. पण पुलाखाली मात्र बर्फ पातळ, कधी कधी तर काळं उघडं पाणी. पुलाचा काय दोष? दोष नाहीच. पूल मुद्दाम अरुंद जागा शोधून बांधतात. एवढं मोठं तळं एका बारीक वाटेतून जायला लागलं की पाणी तिथे जोरात वाहतं. वाहतं पाणी घुसळलं जातं, खालचं थोडं उबदार पाणी वर येतं आणि वरचा थर निवांत गोठूच शकत नाही. म्हणजे माणसाला पलीकडे जायला जी जागा सोयीची, तीच बर्फाला सगळ्यात गैरसोयीची. मला वाटतं, सॅक्समॅकीचं सगळं कोडं या एका वाक्यात आहे. पाणी इथे अरुंद होतं, म्हणून बर्फ इथे फसवतो, म्हणून इथे आधी बोट लागली आणि मग पूल लागला.

पाणी आहे तरी कुठून इतकं? फिनलंडमध्ये लहानमोठी मिळून सुमारे 1,88,000 तळी आहेत. मोजायला बसलात तर रोज शंभर मोजूनही पाच वर्षं पुरतील. ही सगळी करामत हिमयुगाची. काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत या सगळ्या प्रदेशावर बर्फाचा थर होता, आणि तो थोडाथोडका नव्हे, मधल्या भागात दोन-तीन किलोमीटर जाड! तो सरकताना खडक खरवडत गेला. वितळला तेव्हा खरवडलेल्या खळग्यांत पाणी साठलं. आणि त्या ओझ्याखाली दबलेली जमीन अजूनही वर येते आहे. बॉथनियाच्या आखाताच्या किनाऱ्याला तर वर्षाला 8-9 मिलिमीटरपर्यंत. तिथे आजोबांनी जिथे होडी बांधली, तिथे नातू गवत कापतो.

बर्फाने आणखी एक गंमत करून ठेवली. बर्फाच्या पोटात, बोगद्यांतून, वितळलेल्या पाण्याच्या नद्या वाहत होत्या. त्यांनी बोगद्यांच्या तळाशी वाळू आणि गोटे यांचे थर रचले. मग बोगद्याच्या भिंतीच वितळून गेल्या! उरलं काय? नदीचं पात्र, पण उलटं. खड्डा नाही, तर लांबलचक उंच डोंगराची धार. फिनलंडमध्ये अशा धारा जागोजागी आहेत. पुलापासून जवळच रापोलाची टेकडी आहे ना, ती अशाच एका धारेचा भाग. तिच्या माथ्यावर उभं राहिलात तर खाली, साठेक मीटर खोल, वानायावेसीचं पाणी चमकताना दिसतं. जिथे तुमचे पाय आहेत, तिथे एकेकाळी बर्फाच्या आतली नदी वाहत होती. मला तरी हे वाचल्यावर बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

या टेकडीवर किल्ला आहे. बुरूज, दरवाजे, तोफा यांची वाट बघू नका, तसलं काही नाही. जमिनीतून वर आलेला दगडामातीचा एक लांब वळसा तेवढा दिसतो. त्याची लांबी सुमारे एक किलोमीटर. हा फिनलंडमधला सगळ्यात मोठा प्राचीन डोंगरी किल्ला. लोहयुगातल्या आणि त्यानंतरच्या शतकांतल्या माणसांनी तो रचला. त्यावर लाकडी कूस असावी आणि कोणी चालून आलं की आसपासच्या वाड्यांतली माणसं गुराढोरांसकट वर येऊन आत बसत असावीत, असं अभ्यासकांना वाटतं. जागा मात्र अचूक निवडली होती. खाली पाण्याची वाट. त्या काळी जंगलातून गाडीरस्ते कुठले? उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात बर्फ. माणसं आणि माल सगळा तळ्यावरूनच जायचा. ज्याच्या ताब्यात टेकडी, त्याची नजर सगळ्या वाहतुकीवर.

टेकडीच्या उतारावर शंभराच्या आसपास जुनी थडगी आहेत, मातीचे आणि दगडांचे उंचवटे. काही दगडांवर माणसाने कोरलेले लहान लहान गोल खळगे आहेत. त्यात पहिल्या धान्याचा किंवा दुधाचा नैवेद्य ठेवत असावेत, असा तर्क आहे. आता तिथे पायवाट आहे, मुलं सहलीला येतात. उन्हाळ्यात फिनलंडच्या जंगलात रानब्लूबेरी पिकतात आणि त्या कोणीही खुडून खाव्यात. जंगल दुसऱ्याच्या मालकीचं असलं तरी! कोणाच्याही रानातून चालायचा, फळं आणि अळंबी गोळा करायचा हक्क तिथे सगळ्यांना आहे. फक्त कोणाच्या घराच्या अंगणात शिरायचं नाही आणि नासधूस करायची नाही. असा हक्क ऐकल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं, खरं सांगते.

या भागातली माणसं जुन्या काळी चांगलीच हट्टी होती, याचा लेखी पुरावा आहे. 1340 साली सॅक्समॅकीच्या 25 शेतकऱ्यांनी चर्चचा कर द्यायला साफ नकार दिला. तक्रार कुठवर गेली असेल? थेट पोपपर्यंत! पोप तेव्हा फ्रान्समधल्या आव्हिन्यों शहरात राहत होते. सरळ रेषेत मोजलं तरी दोन हजार किलोमीटरांहून लांब. पोप बारावे बेनेडिक्ट यांनी या पंचवीस जणांना धर्मातून बहिष्कृत केल्याचं पत्र काढलं. त्यात नावं आहेत, गावंही आहेत, रापोला आहे, शेजारचं वोइपाला आहे. शिक्षा म्हणून काढलेल्या कागदामुळेच ते शेतकरी पावणेसातशे वर्षांहून जास्त काळ लोकांच्या लक्षात राहिले. कर वेळेवर भरला असता तर कोण ओळखत होतं त्यांना?

त्या वोइपालामध्ये आज एक जुना वाडा आहे आणि त्यात कलाकेंद्र चालतं. खास मुलांसाठीही. चित्रं बघायची आणि काढायचीही. जवळच सॅक्समॅकीचं करड्या दगडांचं मध्ययुगीन चर्च आहे. 1929 साली आगीत होरपळलेलं आणि नंतर नीट उभं केलेलं. आणि रित्वाला नावाच्या गावात पेंटेकॉस्टच्या सणाला, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी, हेल्का उत्सव होतो. मुली रांगेने गावच्या रस्त्याने जुनी लांबलचक गाणी म्हणत चालतात. हा उत्सव इतका जुना आहे, की चर्च येण्याआधी पिकं चांगली यावीत म्हणून तो करत असावेत असं म्हणतात.

त्या दिवसांत तिथे रात्रसुद्धा धड होत नाही. सॅक्समॅकी विषुववृत्तापासून सुमारे 61 अंश उत्तरेला आहे. जूनमध्ये सगळ्यात मोठ्या दिवशी सूर्य साडेएकोणीस तासांच्या आसपास वर असतो. मावळतो, पण मध्यरात्री क्षितिजाच्या खाली जेमतेम साडेपाच अंशच उतरतो. इतका उथळ बुडाल्यावर उजेड कुठे जाणार? पुलावर उभं राहून रात्री बारा वाजता गोष्टीचं पुस्तक वाचता येईल. आता उलटं बघा. डिसेंबरात, सगळ्यात लहान दिवशी, भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर किती चढतो? जेमतेम साडेपाच अंश! म्हणजे उन्हाळ्यातल्या मध्यरात्री तो जितका खाली, तितकाच हिवाळ्यातल्या दुपारी वर. अशा वेळी 1 मीटर 40 सेंटिमीटर उंचीच्या मुलाची सावली जवळजवळ 15 मीटर लांब पडते. वर्गात शिरायच्या आधी सावलीच दारातून आत जाईल आणि हजेरी लावून येईल.

उन्हाळ्यात पुलाखालून बोटी जातात. हॅमेनलिन्ना शहरापासून तांपेरेपर्यंत तळ्यातळ्यांतून जाणारी प्रवासी बोटींची वाट इथूनच जाते. रस्ता मात्र आता शांत झालाय. हेलसिंकीहून तांपेरेला जाणारा मोठा मोटारवे बाजूने झाला आणि घाईची माणसं तिकडे गेली. त्यांना हा पूल दिसतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण सायकलवाल्यांची चंगळ झाली, हेही खरं.

बोटीतले पुष्कळ प्रवासी विसावुओरीला उतरतात. तळ्यात घुसलेल्या जमिनीच्या एका टोकावर, झाडांत लपलेलं हे लाकडी घर एमिल विकस्ट्रॉम या शिल्पकाराचं. जन्म 1864, मृत्यू 1942. त्याने इथे बांधलेलं पहिलं घर 1896 मध्ये जळून गेलं. दुसरा कोणी असता तर शहरात जाऊन राहिला असता. हा पठ्ठ्या त्याच जागी परत आला, स्वतः नकाशा काढून 1902 मध्ये नवं घर बांधलं आणि पुढच्या वर्षी शेजारी भलामोठा स्टुडिओ. आता ते संग्रहालय आहे. आत त्याने केलेले प्लास्टरचे नमुने रांगेने उभे असतात. त्याचा नातू कारी सुओमालाइनेन हा तिथला फार गाजलेला व्यंगचित्रकार. वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात देशाच्या पुढाऱ्यांची टोपी उडवली त्याने. त्याच्या चित्रांसाठी त्याच आवारात वेगळं दालन आहे. आजोबांनी थोरामोठ्यांचे भारदस्त पुतळे केले आणि नातवाने थोरामोठ्यांची नाकं लांब केली. एकाच अंगणात दोन्ही!

विकस्ट्रॉमचं सगळ्यात लाडकं काम मात्र विसावुओरीत नाही, हेलसिंकीत आहे. वास्तुकार एलिएल सारिनेनने बांधलेलं रेल्वे स्टेशन 1919 मध्ये सुरू झालं. त्याच्या मोठ्या दाराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन असे चार प्रचंड दगडी पुरुष उभे आहेत. गंभीर चेहरे, मानेपर्यंत केस आणि प्रत्येकाच्या हातात एक मोठा गोल दिवा. संध्याकाळ झाली की ते दिवे खरंच लागतात. असं सांगतात, की त्यांचा चेहरा विकस्ट्रॉमला विसावुओरीजवळच शेती करणाऱ्या एका कुळाच्या चेहऱ्यावरून सुचला. म्हणजे तळ्याकाठचा एक शेतकरी गेली शंभराहून जास्त वर्षं राजधानीच्या स्टेशनावर दिवा धरून उभा आहे, तोही चार-चार वेळा.

फिनलंडमधल्या लोकांचं या चौघांवर भारी प्रेम. रेल्वेच्या जाहिरातींत ते चालतात, बोलतात, प्रवासाला निघतात. आणि 2020 साली, करोनाच्या साथीत, रेल्वेने प्रवाशांना मास्क लावायची आठवण करून द्यायचं ठरवलं, तेव्हा पाट्या पुरेशा वाटल्या नाहीत. चौघांच्या मापाचे भलेमोठे मास्क तयार झाले आणि त्यांच्या तोंडावर चढले. ग्रॅनाइटच्या माणसाला कसली आलीय सर्दी? पण मोठ्यांनी मास्क लावला की मग लहानांना कुरकुर करायला जागा राहत नाही.